नाकातल्या दोन लाल गाठी: एक काढून टाकायची, दुसरीला आधी हातही लावायचा नाही

घोळणा फुटला की आपल्याकडे आधी कांदा फोडून हुंगायला देतात, डोक्यावर गार पाणी थापतात आणि ‘उष्णता झाली’ म्हणून विषय मिटतो. बहुतेकदा खरोखरच काही गंभीर नसतं. पण रक्त दरवेळी एकाच नाकपुडीतून येतंय आणि तीच चोंदलेलीही आहे, तर आत दुर्बीण घालून बघायलाच हवं.

तिथे लाल गाठ दिसली तर ती हिमॅन्जिओमा असू शकते किंवा अँजिओफायब्रोमा. दोन्ही रक्तवाहिन्यांच्या, दोन्ही कॅन्सर नव्हेत. साम्य इथेच संपतं.

नाकातला नेहमीचा हिमॅन्जिओमा पुढेच असतो, बरेचदा मधल्या पडद्यावर, वाटाण्याएवढा. नाकात बोट घालायची सवय किंवा गरोदरपण ही त्याची ओळखीची निमित्तं. त्याचं जुनं नाव पायोजेनिक ग्रॅन्युलोमा. पायोजेनिक म्हणजे पू करणारा; पण त्यात ना पू असतो ना ग्रॅन्युलोमा (सुजेतून जमणारा पेशींचा पुंजका), तरी रिपोर्टात ते अजून भेटतं. बुडाच्या थोड्या अस्तरासकट काढला, बूड जाळलं की सहसा काम झालं. गरोदर बाईचा बाळंतपणानंतर आपोआप आटूही शकतो, म्हणून रक्त आटोक्यात असेल तर थांबतात.

अँजिओफायब्रोमा जवळजवळ फक्त वयात येणाऱ्या मुलग्यांना होतो. त्याचं मूळ नाकाच्या पार मागे, नाकाला रक्त पुरवणारी स्फेनोपॅलटाइन धमनी आत शिरते तिथे. तिथून तो हाडं ढकलत गालामागे, कधी डोळ्याच्या खोबणीकडे, मेंदूच्या तळाशी सरकतो. सीटी स्कॅनमध्ये गालातल्या सायनसची मागची भिंत पुढे वाकलेली दिसते.

खरी गोम त्याच्या रक्तवाहिन्यांत आहे. त्यांना स्नायूंचा थर नीटसा नसतो, त्यामुळे कापल्यावर त्या आकसत नाहीत; रक्त वाहतच राहतं. म्हणून ‘तुकडा काढून तपासू’ हे ओपीडीत करायचंच नाही. वय, सीटी आणि एमआरआय यांवरून निदान होतं. मग शस्त्रक्रियेच्या 24 ते 72 तास आधी, बहुधा जांघेतल्या धमनीतून बारीक नळी नेऊन गाठीची रक्ताची रसद तोडतात. पूर्वी चेहऱ्यावर चीर घ्यावी लागे. आता बऱ्याच गाठी दुर्बिणीतून नाकावाटेच निघतात. मुळाशी हाडात शिरलेला अंश मात्र ड्रिलने खरवडावा लागतो. तो राहिला तर गाठ परत येते, आणि म्हणूनच टाके नसलेल्या, ठणठणीत दिसणाऱ्या पोरालाही पुढे एमआरआयला बोलावतात.