आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही

पाऊण इंच व्यासाच्या आणि इंचाला 16 आटे असलेल्या स्टडवर (इंजिनवरच्या आटेदार खुंटीवर) 20 मिलिमीटरचा मेट्रिक ऑइल फिल्टर चढतो. हाताला थोडा सैल लागतो, पण फिरवत गेलं की रबरी रिंग टेकते आणि काम झालंसं वाटतं. मोजून पाहिलं तर गोम कळते. स्टडचा बाहेरचा व्यास 19.05 मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर 1.59 मिलिमीटर. फिल्टरचे आटे 20 मिलिमीटरच्या स्टडसाठी कापलेले, अंतर 1.5 मिलिमीटर. आट्यांची फक्त टोकं एकमेकांत अडकलेली असतात. इंजिन थंड असताना सुरू केलं, दाट तेलाचा दाब एकदम चढला, की ही टोकं सुटू शकतात. मग तेल बेअरिंगकडे जाण्याऐवजी जमिनीवर जातं, तेही काही मिनिटांत.

जुन्या ट्रॅक्टरसाठी फिल्टर निवडताना होणाऱ्या चुकांपैकी ही सर्वांत ठळक. निदान ती डोळ्यांना दिसते. बाकीच्या चुका आवाज न करता इंजिन खातात, आणि त्या टाळायच्या तर फिल्टर हा इंजिनच्या रक्ताभिसरणाचा भाग आहे, बाहेरून लावलेला डबा नव्हे, हे धरून चालावं लागतं.

सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना ऑइल फिल्टर नव्हताच. 1917 साली आलेल्या फोर्डसनच्या ‘मॉडेल एफ’मध्ये तेलाचा पंपही नव्हता, फिरणारे भाग तळातलं तेल उडवायचे आणि त्या शिंतोड्यांवर बेअरिंग चालायचे. आत जाणारी धुळकट हवा पाण्यातून नेऊन धुतली जायची, तेवढीच काय ती स्वच्छतेची सोय. त्या काळच्या बेअरिंगना मऊ बॅबिट धातूचं अस्तर असे. आयझॅक बॅबिट यांनी 1839 मध्ये पेटंट घेतलेला हा प्रकार. मऊपणाचा फायदा असा की धुळीचा कण त्यात रुतून बसतो आणि क्रँकशाफ्टला, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याला, कमी ओरखडे पडतात. एका अर्थी बेअरिंगच फिल्टरचं काम करत होते, स्वतःच्या आयुष्याची किंमत देऊन.

1923 मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहॉल्घ यांनी ‘प्युरोलेटर’ नावाचा मोटारीचा ऑइल फिल्टर आणला. त्यानंतरच्या दशकांत ट्रॅक्टरांवरही फिल्टर दिसू लागले, पण ते सगळे एकाच पद्धतीने जोडलेले नव्हते. निवडीतला पहिला प्रश्न इथेच येतो: तुमच्या इंजिनात सगळं तेल फिल्टरमधून जातं, की थोडंसंच?

सगळं तेल गाळून मग बेअरिंगकडे पाठवणारी रचना म्हणजे फुल-फ्लो. दुसऱ्या प्रकारात पंपाचं बहुतेक तेल न गाळताच थेट बेअरिंगकडे जातं आणि साधारण पाच-दहा टक्के तेल एका बारीक छिद्रातून फिल्टरकडे वळवून तळाच्या टाकीत परत सोडलं जातं. याला बायपास किंवा पार्शल-फ्लो म्हणतात. 1947 ते 1952 या काळात बनलेल्या फोर्ड 8एन ट्रॅक्टरवर अशी अर्धवट गाळणीच आहे. ऐकायला ही पद्धत कामचलाऊ वाटते, पण गणित तिच्या बाजूने बोलतं. समजा टाकीत सहा लिटर तेल आहे, पंप मिनिटाला 20 लिटर ढकलतो आणि त्यातलं दहा टक्के, म्हणजे दोन लिटर, फिल्टरकडे जातं. तीन मिनिटांत सहा लिटर तेल फिल्टरमधून गेलं. गाळलेलं आणि न गाळलेलं तेल सतत मिसळत असल्यामुळे तीन मिनिटांनी सुमारे 63 टक्केच तेल एकदा तरी गाळलेलं असतं, पण पंधरा मिनिटांनी न गाळलेलं तेल एक टक्क्याच्याही खाली येतं. उणीव एवढीच की आत्ता सुटलेला धातूचा कण फिल्टरला सापडण्याआधी बेअरिंगमधून दोन-चार फेऱ्या मारून येऊ शकतो.

आता या दोन प्रकारांची अदलाबदल केली तर काय होतं ते पाहा. बायपास रचनेतला फिल्टर घट्ट विणीचा असला तरी चालतो, कारण त्यातून थोडंच तेल हळूहळू जायचं असतं. तोच फुल-फ्लो इंजिनात घातला तर सगळ्या तेलाची वाट तुंबते. उलट बाजूचा धोका जास्त फसवा आहे. बायपास रचनेतलं ते बारीक छिद्र कुठे हाऊसिंगमध्ये (फिल्टर ज्यावर बसतो त्या भागात) असतं, कुठे मधल्या बोल्टमध्ये, तर कुठे चक्क फिल्टरमध्येच. छिद्र फिल्टरमध्ये असणाऱ्या इंजिनात बिनछिद्राचा फिल्टर बसवला, की तेलाला टाकीकडे परतायचा मोकळा रस्ता मिळतो. छिद्रातून जाणारं तेल त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढतं. दीड मिलिमीटरचं छिद्र तीन मिलिमीटरचं झालं तर तेवढ्याच दाबाला चौपट तेल निसटतं. दहा टक्क्यांच्या जागी चाळीस टक्के तेल बेअरिंगला वगळून गेलं तर झिजलेल्या इंजिनात ऑइल प्रेशर कोसळायला वेळ लागत नाही. ‘तेल नीट फिरत नाही’ म्हणून हे छिद्र ड्रिलने मोठं करणारे लोक आहेत. त्यांनी ड्रिल आधी खाली ठेवावं.

आपल्याकडे कोणती रचना आहे हे ओळखायची खात्रीची जागा म्हणजे त्या इंजिनचं मूळ वर्कशॉप मॅन्युअल, आणि तेही इंजिन नंबरशी ताडून पाहिलेलं. वर्षानुवर्षं बनत राहिलेल्या मॉडेलमध्ये मधेच इंजिन बदललेलं असतं; 1946 ते 1956 पर्यंत बनलेल्या फर्ग्युसन टीई20 मध्येच सुरुवातीला कॉन्टिनेंटलचं आणि पुढे स्टँडर्डचं इंजिन आलं. बॉनेटवरच्या नावावरून फिल्टर मागणं म्हणजे अंदाजपंचे. त्यातून मधल्या पन्नास-साठ वर्षांत कुणी दुसरंच इंजिन बसवलं असेल तर बघायलाच नको.

फुल-फ्लो फिल्टरमध्ये एक सुटकेची झडप लागते. फिल्टर तुंबला किंवा तेल फार दाट असलं तर बेअरिंग कोरडे पडू नयेत म्हणून ही झडप उघडते आणि न गाळलेलं तेल पुढे सोडते. घाणेरडं तेल वाईटच, पण तेल नसणं त्याहून वाईट. काही इंजिनांत ही झडप हाऊसिंगमध्ये असते, काहींत फिल्टरच्या डब्यात. इंजिनात झडप नसेल तर डब्यात ती असलीच पाहिजे. इंजिनात असेल तर डब्यातली बहुधा निरुपद्रवी ठरते, पण तिची उघडण्याची मर्यादा खूप खाली असेल तर इंजिनची झडप उघडण्याआधीच ती उघडत राहते आणि तेल विनाकारण न गाळता जातं.

या मर्यादेचा आकडा जुन्या इंजिनात फार महत्त्वाचा, आणि विकत घेताना नेमका तोच कुणी विचारत नाही. समजा पंपावरची रिलीफ झडप, म्हणजे तेलाचा कमाल दाब ठरवणारी वेगळी झडप, 30 पीएसआयला (चौरस इंचाला 30 पौंड दाबाला) उघडते. जुन्या ट्रॅक्टरांमध्ये एवढा कमी दाब नवलाचा नाही. फिल्टरची झडप आधुनिक गाडीच्या हिशेबाने 22 पीएसआयची आहे. फिल्टर तुंबला. झडप उघडायची तर फिल्टरच्या दोन बाजूंच्या दाबात 22 चा फरक हवा. म्हणजे पंपाकडच्या बाजूला 30 आणि बेअरिंगकडे उरले जेमतेम 8. तीच झडप 8 पीएसआयची असती तर बेअरिंगला 22 मिळाले असते. मीटरची नळी फिल्टरच्या आधी जोडलेली असली तर चालकाला दोन्ही वेळा काट्यावर 30 च दिसणार. मीटर खोटं बोलत नाही, त्याला विचारलेलं ठिकाण चुकीचं असतं.

थंडीत हा प्रश्न आणखी वाढतो. 1856 साली आँरी दार्सी यांनी वाळूच्या थरातून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम मांडला. फिल्टरच्या कागदालाही तो लागू पडतो: तेवढाच प्रवाह ढकलायचा तर लागणारा दाब द्रवाच्या दाटपणाच्या प्रमाणात वाढतो आणि कागदाचं क्षेत्रफळ वाढवलं की कमी होतो. एसएई 30 तेलाचा दाटपणा 100 अंश सेल्सिअसला साधारण 11 सेंटिस्टोक असतो, 40 अंशांना 100 च्या आसपास, आणि गोठणबिंदूजवळच्या गारठ्यात तो हजाराच्या वर जातो. त्यामुळे थंड इंजिन सुरू केल्यावर पहिले काही क्षण सुटकेची झडप उघडी असणं अगदी नेहमीचं आहे. तेल गरम होईपर्यंत इंजिन हळू चालू ठेवा, असं जुने मिस्त्री सांगतात त्याला हेही एक कारण. क्षेत्रफळाच्या नियमामुळेच त्याच आट्यांचा, तेवढ्याच झडपेचा, पण थोडा उंच डबा जागेत बसत असेल तर तो घेणं शहाणपणाचं असतं. आत कागदाच्या चुण्या जास्त, अडथळा कमी, घाण साठवायला जागा अधिक.

मग ‘किती मायक्रॉनचा?’ हा सगळ्यांचा लाडका प्रश्न. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. फिल्टरचा कागद म्हणजे एकसारख्या भोकांची चाळणी नव्हे, तंतूंची वेडीवाकडी गुंतवळ आहे. त्यात मोठे कण अडकतातच, काही छोटेही तंतूंना चिकटून राहतात आणि काही मध्यम आकाराचे निसटतात. म्हणून नुसतं ‘20 मायक्रॉन’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. त्या आकाराचे किती टक्के कण अडले ते सांगायला हवं. त्यासाठी बीटा हा आकडा वापरतात. 20 मायक्रॉनला बीटा 2 म्हणजे त्या आकाराच्या दर दोन कणांतला एक पार गेला, 50 टक्के अडले. बीटा 75 म्हणजे 75 मधला एकच गेला, जवळजवळ 98.7 टक्के अडले. दोन्ही डब्यांवर ‘20 मायक्रॉन’ छापता येतं! इंजिनच्या फुल-फ्लो फिल्टरसाठी ही चाचणी आयएसओ 4548-12 या मानकाप्रमाणे होते. माहितीपत्रकात तिचा उल्लेख आणि टक्केवारी दिली असेल तर तो बनवणारा निदान मोजतो तरी, एवढं समजावं.

बेअरिंगमधला तेलाचा थर काही मायक्रॉनचाच असतो आणि धुळीतली सिलिका बेअरिंगच्या धातूपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे बारीक गाळणं चांगलंच. पण कमी दाबाच्या इंजिनात मी आधी प्रवाह बघेन, बारकाई नंतर. काचतंतूंचा कृत्रिम कागद बारीक गाळूनही अडथळा कमी ठेवू शकतो. तो परवडत असेल आणि झडपेचा आकडा जुळत असेल तर दोन्ही साधतं. आट्यांवर बसतो म्हणून हायड्रॉलिकचा फिल्टर इंजिनला लावणं मात्र चूक. त्यात सुटकेची झडप नसते किंवा ती वेगळ्याच दाबाला उघडते.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत स्क्रू करायचा डबा नसतोच. धातूच्या भांड्यात सुटं एलिमेंट (गाळणारा कागदी भाग) असतं आणि मधून लांब बोल्ट. इथे बिनबोभाट होणारी चूक उंचीची आहे. एलिमेंटची दोन्ही टोकं टेकून सील झाली पाहिजेत. खालची स्प्रिंग आणि तिच्यावरची वाटी त्यासाठीच असते. एलिमेंट पाच मिलिमीटर आखूड निघालं किंवा मधलं भोक थोडं मोठं असलं, तर तेल कागदाला वळसा घालून निघून जातं. गळती नाही, आवाज नाही, दाबही छान दिसतो. फक्त गाळलं काहीच जात नाही. म्हणून जुनं आणि नवं एलिमेंट शेजारी ठेवून उंची आणि दोन्ही भोकं कॅलिपरने मोजावीत. जुन्याचंच माप प्रमाण मानायचं, तर तेही आधीच्या मालकाने चुकीचं बसवलं असू शकतं, हे लक्षात असू द्यावं. स्प्रिंग आणि वाटी बाहेर पडून तेलकट कापसासोबत कचऱ्यात गेलेली असणं तर नेहमीचंच.

पाकिटात एकाहून जास्त रिंगा मिळतात, कारण एकच एलिमेंट अनेक हाऊसिंगना चालतं. खाचेतली जुनी रिंग इतकी कडक होऊन बसलेली असते की ती खाचेचाच भाग वाटते. दाभणाने उकरून काढल्याशिवाय नवी बसवू नये. दुहेरी रिंग दाब आल्यावर बाहेर सरकते.

मॅसी फर्ग्युसन 35 आणि 135 वरच्या तीन सिलिंडरच्या पर्किन्स इंजिनांसाठी भांडं काढून स्पिन-ऑन, म्हणजे स्क्रू करायचा, डबा लावायचं रूपांतर-हेड मिळतं. रोज काम करणाऱ्या ट्रॅक्टरला मी ते बेलाशक लावेन. बदलणं सोपं, घाण कमी. मात्र जुन्या हेडमध्ये सुटकेची झडप असेल तर तीही त्याच्यासोबत जाते, म्हणून नव्या हेडमध्ये किंवा डब्यात ती आहे का, हे आधी पाहावं. डबा आडवा किंवा उलटा बसणार असेल तर तेल परत वाहून जाऊ न देणारा रबरी पडदाही हवा. महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरला नायट्राइल रबरापेक्षा सिलिकॉनचा पडदा बरा, तो लवकर कडक होत नाही.

प्रदर्शनात मांडायच्या ट्रॅक्टरला मूळ रंगाचा, मूळ खोक्यातला, चाळीस वर्षं न उघडलेला फिल्टर हवासा वाटणं मी समजू शकतो. तो लावून इंजिन चालवू नये. कागदातलं राळ, चुण्या जोडणारा गोंद आणि रबर यांचं वय खोक्यातही वाढतं.

कंपन्यांच्या पर्यायी नंबरांच्या याद्या उपयोगी आहेत, पण त्यातला ‘पर्याय’ बहुतेकदा आटे, रिंगेचा व्यास आणि उंची यांवरून ठरलेला असतो. झडप आहे का, किती पीएसआयची, पडदा आहे का, हे त्या नंबराच्या स्वतंत्र माहितीपत्रकात बघावं. ते मिळतच नसेल तर दुसऱ्या कंपनीचा, माहिती देणारा फिल्टर घ्यावा. आणि बरीच वर्षं साध्या, डिटर्जंट (घाण सुटी करणारं रसायन) नसलेल्या तेलावर चाललेल्या इंजिनात आता डिटर्जंट तेल घालणार असाल, तर आतला जुना गाळ सुटून फिल्टर लवकर भरू शकतो. अशा वेळी एकाच नंबराचे दोन-तीन फिल्टर आणून ठेवावेत, पहिला लवकर उतरवावा, कापून कागद पसरावा आणि त्यावर चुंबक फिरवून लोखंडाचा कीस निघतो का ते पाहावं.