मातीत खेळलं की जंत होतात?

“मातीत हात घालू नकोस, जंत होतील!” हे न ऐकता मोठं झालेलं मूल विरळाच. यात तथ्य आहे, पण अर्धंच. जंतांची अंडी मातीत येतात ती मुख्यतः माणसाच्या विष्ठेतून. त्यामुळे उघड्यावर शौचाला बसतात तिथली माती टाळायचीच. काही जंत अनवाणी पायांतूनही शिरतात, म्हणून पायात चपला हव्यात. पण कुंडीतली माती किंवा स्वच्छ वाळू, कापलेली नखं आणि खेळून झाल्यावर साबणाने धुतलेले हात, एवढं सांभाळलं तर पोराला ओरडायचं कारण नाही. १ ते १९ वयोगटासाठी सरकारी मोहिमेत मिळणारी जंतनाशक गोळी मात्र चुकवू नका.

आणि मिळतं काय? चिखल पातळ झाला की मूल स्वतःच मूठभर कोरडी माती घालतं, दाबून बघतं, पुन्हा पाणी ओततं. प्रयोगच की हा! बोटांत जोर येतो, पुढे पेन्सिल धरायला तोच लागतो. सोबत ‘चिकट’, ‘खरखरीत’, ‘भुसभुशीत’ हे शब्दही हाताला कळतात. स्पर्शाच्या खेळांचे महागडे ‘सेन्सरी किट’ कशाला? बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी-कोसबाडच्या बालवाड्यांत शंख-शिंपले, बिया, खडे हीच साधनं केली होती.

तीन वर्षांखालच्यांना मात्र खेळायला चणे, मणी देऊ नका, घशात अडकतात. आणि मूल सारखी माती खातच असेल, तर धपाटा नको, डॉक्टरांकडे नेऊन रक्त कमी आहे का ते बघायला हिमोग्लोबिन तपासा.