दूरचित्रवाणी मालिका आणि लिंगभावाचे साचे

दूरचित्रवाणीवरील कथामालिकांमधून स्त्री-पुरुषांचा स्वभाव, काम आणि घरातील स्थान यांविषयी ज्या ठरीव प्रतिमा वारंवार समोर येतात, त्यांना लिंगभावाचे साचे म्हणतात. सोशीक आई, कारस्थानी स्त्री, भावना न दाखवणारा कर्ता पुरुष हे त्यांतले परिचित नमुने. मालिका वर्षानुवर्षे ठरल्या वेळी घरात येत असल्याने साचा घट्ट करण्याची आणि तो हळूहळू सैल करण्याची, अशी दोन्ही सामर्थ्ये तिच्यात आहेत.

या कथाप्रकाराचा उगम रेडिओवर झाला. १९३० मध्ये शिकागोहून प्रसारित झालेली इर्ना फिलिप्स यांची ‘पेंटेड ड्रीम्स’ ही बहुधा पहिली दैनंदिन कौटुंबिक मालिका. काही अभ्यासक हा मान अन्य कार्यक्रमांना देतात. प्रायोजकांमध्ये साबणाचे उत्पादक ठळक असल्याने ‘सोप ऑपेरा’ हे नाव रूढ झाले. ‘गाइडिंग लाइट’ ही मालिका १९३७ मध्ये रेडिओवर सुरू होऊन १९५२ मध्ये दूरचित्रवाणीवर आली व २००९ पर्यंत चालली. घरासाठी खरेदी करणाऱ्या बाईला डोळ्यांसमोर ठेवून कथा रचली गेल्याने स्त्री केंद्रस्थानी आली, पण घराच्या उंबरठ्याआतच. पुढचे बहुतेक वाद या दुहेरीपणातून निघाले आहेत.

या क्षेत्रातील सर्वांत रूढ संज्ञा ‘प्रतीकात्मक उच्छेद’, म्हणजे माध्यमांतून एखादा समूह पुसला जाणे, ही होय. ती पुष्कळदा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ गे टकमन यांच्या नावे दिली जाते, कारण त्यांच्या १९७८ मधील निबंधाच्या शीर्षकातच ती आहे. कल्पना मात्र त्याआधीची. तिचे मूळ सामान्यतः माध्यम-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांच्या १९७२ च्या सुमारास झालेल्या, दूरचित्रनाट्यातील हिंसेवरील लेखनात शोधले जाते. लॅरी ग्रॉस यांच्यासह लिहिलेल्या १९७६ च्या लेखात ती नेमकी मांडलेली आहे: कल्पित जगात दिसणे ही सामाजिक अस्तित्वाची खूण, तर न दिसणे म्हणजे पुसले जाणे. म्हणून संज्ञेचे श्रेय गर्बनर यांना आणि स्त्रीप्रतिमांच्या विश्लेषणाचे टकमन यांना देणे अधिक सयुक्तिक वाटते. टकमन यांनी उच्छेदाच्या तीन तऱ्हा सांगितल्या: वगळणे, क्षुल्लक ठरवणे आणि दोषी ठरवणे. पहिली मोजता येते. उरलेल्या दोन कथानक वाचल्याशिवाय कळत नाहीत. मालिकांच्या बाबतीत ही गोष्ट कळीची आहे, कारण तेथे स्त्रीपात्रांची वानवा नसते. दोन स्त्रिया पुरुषाखेरीज अन्य विषयावर बोलतात का, हे विचारणारी ‘बेक्डेल कसोटी’ १९८५ मध्ये एका चित्रकथेतून आली. चित्रपटांसाठी ती उपयुक्त ठरली, पण कौटुंबिक मालिका ती सहज उत्तीर्ण होते आणि तरीही साच्यातच राहू शकते. कामावरून उशिरा परतलेली नायिका घरच्यांची माफी मागते, नायकाला मात्र कोणी विचारतही नाही. असा फरक पात्रगणनेत उमटत नाही. निर्णय कोण घेते आणि त्याची किंमत कोण मोजते, हे पाहणे अधिक फलदायी.

परिणामांविषयी मतभेद आहेत. गर्बनर यांच्या संवर्धन सिद्धांतानुसार खूप दूरचित्रवाणी पाहणाऱ्यांची जगाविषयीची समजूत पडद्यावरील जगाकडे झुकते. मात्र असे आढळणारे संबंध बहुधा क्षीण असतात आणि कारण कोणते, परिणाम कोणता हा आक्षेप उरतोच. ब्राझीलमधील पुरावा त्यामानाने भक्कम आहे. ग्लोबो वाहिनीचे प्रक्षेपण तेथे निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वर्षी पोहोचल्याने तुलना शक्य झाली. वाहिनीच्या १९६५ ते १९९९ मधील मालिकांत पन्नाशीपर्यंतच्या प्रमुख स्त्रीपात्रांपैकी ७२ टक्के निपुत्रिक व २१ टक्के एकच अपत्य असलेली होती. प्रक्षेपण पोहोचलेल्या भागांत, विशेषतः गरीब घरांतील स्त्रियांमध्ये, जननदर घटल्याचे एलियाना ला फेरारा व सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवले. भारतातील खेड्यांत केबल आल्यावर पत्नीला मारहाण करणे योग्य मानण्याचे प्रमाण व मुलग्याचा हव्यास कमी झाल्याचा निष्कर्ष रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर यांनी २००९ मध्ये काढला. त्याच आकडेवारीच्या फेरतपासणीत पुढे त्यावर शंका घेतल्या गेल्या.

हेतुपूर्वक साचा मोडायचा प्रयत्न कसा उलटू शकतो, याचे बोलके उदाहरण दूरदर्शनवरील ‘हम लोग’ (१९८४–८५) हे आहे. मेक्सिकोतील मिगेल साबिदो यांच्या, मालिकेतून समाजप्रबोधन करण्याच्या पद्धतीवर बेतलेल्या या मालिकेत अनुकरणीय, त्याज्य व बदलणारी अशी पात्रे योजलेली होती. सगळे मुकाट सोसणारी आई, भागवंती, हा इशारा असावा अशी अपेक्षा होती. अनेक प्रेक्षकांनी तिलाच आदर्श मानले. लेखकाने पात्राला दिलेला अर्थ प्रेक्षकापर्यंत तसाच पोहोचत नाही, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसले असेल.

अर्थ घडवणारा हा प्रेक्षक दोन अभ्यासांत मध्यवर्ती आहे. तानिया मोडलेस्की यांच्या मते अनेक धाग्यांची, कधीही न संपणारी कथा घरकामाच्या तुटक लयीशी जुळते आणि प्रेक्षक स्त्रीला सर्वांना समजून घेणाऱ्या आईच्या जागी बसवते; खलनायिकेत तिच्या दडपलेल्या रागाला वाट मिळते. इयन आंग यांनी ‘डॅलस’ ही अमेरिकन मालिका पाहणाऱ्यांची ४२ पत्रे अभ्यासून १९८२ मध्ये दाखवले, की कथा अवास्तव असली तरी तीतल्या भावना प्रेक्षकांना खऱ्या वाटतात. मालिका पाहणाऱ्या स्त्रीला भोळी समजण्याच्या सवयीला या लेखनाने दिलेले उत्तर आजही मोलाचे आहे.

आव्हानाला निर्मितिव्यवस्थेच्याही मर्यादा असतात. ‘कॅग्नी अँड लेसी’ या दोन स्त्री-पोलिसांच्या अमेरिकन मालिकेत १९८२ च्या सुरुवातीच्या सहा भागांनंतर एक अभिनेत्री पुरेशी ‘बायकी’ वाटत नसल्याच्या कारणावरून बदलण्यात आली. १९८३ मध्ये मालिका बंद झाली आणि प्रेक्षकांच्या पत्रांच्या रेट्यामुळे पुन्हा सुरू झाली.

पुरुषी साच्यांचा अभ्यास तुलनेने तोकडा आहे. घरकामात गोंधळणारा बाप विनोदी मालिकांत दीर्घकाळ टिकून आहे. त्याची अकार्यक्षमता हसण्यावारी नेल्याने घर सांभाळणे हे अखेर बाईचेच काम ठरते.