भूतान म्हणजे बर्फ नव्हे

भूतानला निघालेल्या मराठी माणसाच्या बॅगेत हमखास थर्मल, कानटोपी आणि दोन स्वेटर असतात, अगदी जुलैतही. ‘हिमालयातला देश, म्हणजे बाराही महिने बर्फ’ हा समज काही जाता जात नाही.

पश्चिम बंगालमधल्या जयगावहून सीमेवरची कमान ओलांडली की आपण भूतानमधल्या फुन्त्शोलिंग शहरात येतो. उंची फक्त ३०० मीटरच्या आसपास. उन्हाळ्यात इथे घामाच्या धारा लागतात आणि पावसाळ्यात असा कोसळतो की कोकणी माणसालाही घरच्यासारखं वाटावं. आवारात सुपारी, केळी. याच दक्षिण पट्ट्यातल्या मानस राष्ट्रीय उद्यानात हत्ती आणि वाघ आहेत.

उत्तरेला मात्र ७,५७० मीटरचं गांखर पुएन्सुम शिखर. महाराष्ट्राच्या साधारण आठव्या हिश्शाएवढ्या देशात ही एवढी चढण! म्हणजे इथलं हवामान महिन्याइतकंच उंचीवरही ठरतं. राजधानी थिंफू सुमारे २,३०० मीटरवर, तिथे हिवाळ्यात रात्री पारा शून्याखाली जातो. पुनाखा त्याहून हजारभर मीटर खाली, म्हणून उबदार. तिथे भाताची खाचरं आहेत. भूतानचा मुख्य भिक्खुसंघ आजही हिवाळ्यात थिंफू सोडून पुनाख्याच्या किल्लेवजा मठात, म्हणजे झोंगमध्ये, मुक्कामाला जातो. थंडीवरचा हा उपाय शतकांचा आहे.

तेव्हा जुलैत जाणार असाल तर एक स्वेटर पुरे. छत्री मात्र विसरू नका. जून ते सप्टेंबर तिथेही आपलाच मोसमी पाऊस असतो, आणि दरडी कोसळून घाटरस्ते बंद पडतात.