‘६५ टक्के नोकऱ्या अजून जन्मालाच यायच्यात’: हा आकडा आला कुठून?

आज पहिलीत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलं पुढे आज अस्तित्वातच नसलेल्या नोकऱ्या करतील, हे वाक्य शिक्षणावरच्या भाषणांत हटकून येतं. २०१६ मध्ये वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या अहवालात ते छापून आलं आणि आकड्याला वजन आलं. तिथेही तो ‘एक लोकप्रिय अंदाज’ एवढाच होता, पण तेवढं कोण वाचतं! २०१७ मध्ये बीबीसी रेडिओच्या ‘मोअर ऑर लेस’ या आकडेवारी तपासणाऱ्या कार्यक्रमाने माग काढला, तर मूळ अभ्यास सापडलाच नाही.

अभ्यासक्रम बदलायला हवेतच. पण या आकड्याच्या धाकाने गणित-भाषेला ‘जुनं’ ठरवणं शुद्ध घाई आहे. नर्स, शिक्षक, वायरमन, हिशेबनीस आजही लागतात. बदलतात ती बहुधा साधनं. खतावणी जाऊन स्प्रेडशीट आली, तरी जमा-नावे कळल्याशिवाय ताळेबंद जुळत नाही.