हालचाल संवेदक, बिनतारी (बॅटरीवर चालणारा)

हालचाल संवेदक, बिनतारी : खोलीतील माणसाच्या हालचालीची चाहूल घेऊन ती रेडिओ संदेशाने घरातील मध्यवर्ती नियंत्रकाला, म्हणजे हबला, कळवणारे बॅटरीवरचे छोटे उपकरण. घराच्या स्वयंचलन व्यवस्थेत दिवे चालू-बंद करणे, धोक्याचा इशारा देणे, रिकाम्या खोलीत वाया जाणारी वीज वाचवणे यांसाठी ते वापरतात. भिंत न फोडता आणि वायर न ओढता ते बसवता येते. त्याच्या बहुतेक वैशिष्ट्यांचे मूळ एकाच गोष्टीत आहे : एका लहान घटावर (बॅटरीच्या सेलवर) वर्ष-दोन वर्षे निघावीत म्हणून हे उपकरण जवळजवळ सर्व वेळ झोपलेले असते. बसवताना ज्यांना सर्रास बिघाड समजले जाते अशा अनेक गोष्टी प्रत्यक्षात या काटकसरीचेच परिणाम असतात.

तत्त्व : घरगुती वापरातील बहुसंख्य संवेदक निष्क्रिय अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकारचे असतात. ‘निष्क्रिय’ म्हणजे ते स्वतः कोणतेही किरण सोडत नाहीत, बाहेरून येणारे अवरक्त प्रारण फक्त ग्रहण करतात. सुमारे ३२° से. तापमानाच्या मानवी त्वचेतून बाहेर पडणाऱ्या प्रारणाची तीव्रता ९·५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक असते. म्हणून संवेदकाच्या खिडकीवर साधारणपणे ५ ते १४ मायक्रोमीटर एवढ्याच पट्ट्याला वाट देणारा गाळक बसवलेला असतो. त्यामागे पायरोइलेक्ट्रिक पदार्थाचे दोन चिमुकले घटक असतात. या पदार्थाचे तापमान बदलले की त्याच्या समोरासमोरील पृष्ठांवर विद्युत् भार निर्माण होतो. तापमान स्थिर झाले की तो हळूहळू निघून जातो. त्यामुळे हा संवेदक उष्णता मोजत नाही, उष्णतेतील बदल टिपतो. स्तब्ध बसलेला माणूस त्याला दिसत नाही याचे कारण हेच.

दोन्ही घटक एकमेकांच्या उलट दिशेने जोडलेले असतात. संपूर्ण खोली सावकाश तापली तर दोहोंचे संकेत परस्परांना छेदून शून्य होतात. माणूस आडवा चालत गेला तर मात्र त्याची उष्ण प्रतिमा आधी एका घटकावर व मग दुसऱ्यावर पडते आणि धन व ऋण असे लागोपाठ दोन स्पंद मिळतात. प्रतिमा पाडण्याचे काम पुढचे दुधी रंगाचे भिंग करते. ते पॉलिएथिलिनचे असते, कारण काच या तरंगलांब्यांना अपारदर्शक आहे. एका भिंगाऐवजी अनेक लहान फ्रेनेल भिंगे (पायऱ्यापायऱ्यांची चपटी भिंगे) शेजारी-शेजारी ठशाने उमटवलेली असल्यामुळे खोलीचे ‘दिसणारे’ आणि ‘न दिसणारे’ असे आलटून-पालटून पट्टे पडतात. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ऑग्युस्तँ फ्रेनेल यांनी ही पायऱ्यांची रचना १८२० नंतरच्या काही वर्षांत दीपगृहांसाठी सिद्ध केली. भिंगाचा जाड गाभा काढून टाकण्याची मूळ कल्पना मात्र अठराव्या शतकातील फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्यूफाँ यांच्याकडे जाते.

इतिहास : पायरोइलेक्ट्रिक परिणामाचा शोध किती जुना मानावा याविषयी मतभेद आहेत. इ. स. पू. चौथ्या शतकाच्या अखेरीस ग्रीक विद्वान थिओफ्रॅस्टस यांनी दगडांविषयीच्या आपल्या ग्रंथात ‘लिंगूरिओन’ नावाच्या खड्याचा उल्लेख केला आहे. हा खडा गवताच्या काड्या व लाकडाचे कण ओढून घेतो असे ते म्हणतात. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम वॉटसन यांनी १७५९ मध्ये हा खडा म्हणजे तोरमल्ली (टुर्मलीन हे खनिज) असावी असे प्रतिपादन केले. हे मान्य केल्यास परिणामाची पहिली नोंद तेवीसशे वर्षांमागे जाते, आणि तंत्रविषयक लेखनात पुष्कळदा तसे निःशंकपणे लिहिलेलेही आढळते. परंतु थिओफ्रॅस्टस यांच्या वर्णनात खडा तापवल्याचा निर्देश नाही. घासलेला अंबरही (झाडाच्या राळेचा अश्मीभूत खडाही) काड्या ओढतो, आणि लिंगूरिओन ही अंबराचीच एक जात असावी असे मानणारे अभ्यासक आहेत. उपलब्ध वर्णन पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

खात्रीचा धागा अठराव्या शतकापासून मिळतो. श्रीलंकेतील तोरमल्लीचे खडे डच व्यापाऱ्यांमार्फत यूरोपात पोहोचले होते. तापलेला खडा राख ओढतो, हे त्यांच्या ध्यानात आले होते असे सांगतात. लुई लेमरी यांनी १७१७ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे अशा खड्याचे आकर्षण-प्रतिकर्षण मांडले, पण ते चुंबकत्वाच्या अंगाने. कार्ल लिनीअस यांनी १७४७ मध्ये त्याचा संबंध विजेशी जोडला. तापवलेल्या तोरमल्लीच्या दोन टोकांवर विरुद्ध भार येतात हे प्रयोगाने दाखवण्याचे श्रेय फ्रांत्स एपिनस यांच्याकडे जाते (१७५६). ‘पायरोइलेक्ट्रिसिटी’ हे नाव डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८२४ मध्ये रूढ केले. अवरक्त संवेदक म्हणून या स्फटिकांचा विचार विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झाला. लिथियम टँटॅलेट व शिसे-झिर्कोनेट-टिटॅनेटसारखी मृत्तिका द्रव्ये पुढे आल्यावर तो व्यवहारात उतरला.

घरफोडीचा इशारा देणारे आरंभीचे हालचाल संवेदक यापेक्षा वेगळ्या तत्त्वावर चालत. सॅम्युएल बॅग्नो यांनी अमेरिकेत १९५० च्या सुमारास श्राव्यातीत ध्वनी आणि डॉप्लर परिणाम (हलत्या वस्तूवरून परतलेल्या ध्वनीची कंप्रता बदलणे) यांवर आधारित यंत्रणा तयार केली. तिला पहिला हालचाल संवेदक म्हणण्याचा प्रघात आहे. अवरक्त प्रकार साधारण १९७० नंतर पसरला आणि अत्यल्प विजेवर चालत असल्यामुळे बॅटरीवरील उपकरणांत तोच टिकला.

घट आणि विजेचा हिशेब : लहान संवेदकांत बहुधा सीआर२०३२ किंवा सीआर२४५० हे लिथियमचे बटन सेल असतात, थोड्या मोठ्यांत सीआर१२३ए किंवा नेहमीचे पेन्सिल सेल. बटन सेलच्या नावांतील आकडे मापाचे आहेत : २४५० म्हणजे २४ मिमी. व्यास व ५·० मिमी. जाडी. सीआर२०३२ ची क्षमता सुमारे २२० मिलिअँपिअर-तास, तर सीआर२४५० ची सुमारे ६०० असते.

काटकसर कुठे होते आणि कुठे फसते हे उदाहरणादाखल घेतलेल्या आकड्यांवरून स्पष्ट होईल. अवरक्त घटक व झोपलेला सूक्ष्मनियंत्रक मिळून ६ मायक्रोअँपिअर घेतात असे धरले, तर दिवसाला ०·१४४ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. एका संदेशासाठी रेडिओ १५ मिलिअँपिअर दराने १० मिलिसेकंद जागा राहिला, तर दिवसातून २०० संदेश पाठवूनही ०·००८ मिलिअँपिअर-तासच लागतात. म्हणजे वर्दळीच्या खोलीत बॅटरी लवकर संपते ही सर्वसाधारण समजूत फारशी खरी नाही. पण संवेदकाचा नेटवर्कशी संपर्क तुटला आणि तो रेडिओ चालू ठेवून शोध घेऊ लागला, तर अवघ्या ३५ सेकंदांत एका संपूर्ण दिवसाच्या झोपेइतकी वीज जाते. ज्या संवेदकाची बॅटरी महिन्याभरात बसते त्याच्या बाबतीत आधी घटाचा दर्जा तपासला जातो. तपासायला हवी ती त्याची जागा आणि संपर्क.

ॲपमध्ये दिसणारी बॅटरीची टक्केवारी हा अंदाज असतो. लिथियम घटाचा दाब जवळजवळ अखेरपर्यंत ३ व्होल्टच्या आसपास राहतो आणि मग झपाट्याने घसरतो. शिवाय जुन्या किंवा थंड घटाचा अंतर्गत रोध वाढलेला असतो, त्यामुळे संदेश पाठवण्याच्या क्षणी दाब खाली जातो आणि ‘३०%’ दाखवणारा संवेदक गप्प होतो. बटन सेल लहान मुलांच्या हाती लागणार नाही, याची दक्षता अत्यावश्यक आहे. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकल्यास दोन तासांच्या आत गंभीर भाजल्यासारखी इजा होऊ शकते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

बिनतारी जोडणी : वायफायचा विजेचा खर्च घटाला सहसा परवडत नाही, म्हणून कमी विजेच्या पद्धती वापरतात. झिगबी व थ्रेड या दोन्ही पद्धती आयईईई ८०२·१५·४ या कमी विजेच्या रेडिओ जोडणीच्या मानकावर उभ्या आहेत (पहिली आवृत्ती २००३) आणि घरगुती उपकरणांत २·४ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. झेड-वेव्ह १ गिगॅहर्ट्झच्या खालचे पट्टे वापरते. ते देशानुसार बदलतात, त्यामुळे एका प्रदेशासाठी बनवलेले झेड-वेव्ह उपकरण दुसऱ्या प्रदेशातील हबशी बोलत नाही. ब्लूटूथच्या कमी ऊर्जेच्या रूपावर चालणारे संवेदकही आहेत. मॅटर (पहिली आवृत्ती ऑक्टोबर २०२२) ही रेडिओ पद्धत नसून वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांसाठी समान भाषा आहे. बॅटरीवरील मॅटर संवेदक बहुधा थ्रेडवरून बोलतात.

झिगबीत संवेदक नेटवर्कचा ‘झोपाळू’ सदस्य असतो. तो इतरांचे संदेश पुढे नेत नाही आणि स्वतः एकाच पालक उपकरणाशी जोडलेला असतो. हब किंवा कायम विजेवर असलेला प्लग, बल्ब वा स्विच हा पालक होऊ शकतो. संवेदकासाठी आलेला संदेश पालक काही सेकंद सांभाळतो. मानकातील नेहमीचे मूल्य ७·६८ सेकंद आहे. तेवढ्यात संवेदक विचारायला आला नाही तर संदेश टाकून दिला जातो. ॲपमधून बदललेली सेटिंग संवेदकापर्यंत न पोहोचण्याचे कारण बहुधा हेच असते. बटण दाबून त्याला जागे केले आणि त्याच वेळी बदल पाठवला की काम होते. भिंतीवरच्या स्विचने बंद होणारा बल्ब पालक असेल, तर बल्बबरोबर संवेदकही हरवतो आणि वर सांगितलेला खर्चिक शोध सुरू होतो. काही संवेदक नवा पालक शोधण्यात विशेष कच्चे असतात.

वायफायचा उपद्रवही लक्षात घ्यावा लागतो. झिगबीच्या ११ ते २६ या सोळा वाहिन्यांपैकी १५, २० आणि २५ या वाहिन्या वायफायच्या १, ६ व ११ या वाहिन्यांच्या फटींत किंवा त्यांच्या पलीकडे पडतात, म्हणून त्या पसंत केल्या जातात. हबचा रेडिओ यूएसबी दांडीच्या रूपात असल्यास तो यूएसबी ३·० च्या खोबणीत थेट खोचू नये. त्या खोबणीतून २·४ गिगॅहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट होतो. एखादी मीटरभर लांबीची जोड केबल लावून दांडी दूर ठेवल्यास मोठा फरक पडतो.

जोडून घेणे : आधी विजेवरची कायम उपकरणे जोडावीत, मग बॅटरीवरची, म्हणजे संवेदकाला जवळचा पालक मिळतो. हबवर नवीन उपकरणाला प्रवेश खुला करणे, घटाखालची प्लॅस्टिकची पट्टी ओढून काढणे आणि दिवा लुकलुकेपर्यंत, साधारण ५ सेकंद, बटण दाबून धरणे हा सामान्य क्रम होय. नंतर हब संवेदकाची माहिती विचारून घेतो. या मधल्या टप्प्यावर संवेदक झोपी गेला तर नोंदणी अर्धवट राहते : नाव दिसते, हालचाल कळत नाही. दर दोन-तीन सेकंदांनी बटण हलकेच दाबत राहिल्यास तो जागा राहतो. प्रवेश खुला असताना नेटवर्कची गुप्त किल्ली सर्वांना ठाऊक असलेल्या एका ठरीव किल्लीत गुंडाळून पाठवली जाण्याची पद्धत झिगबीत प्रचलित आहे. म्हणून काम होताच प्रवेश बंद करावा. उपकरणावर छापलेला स्वतंत्र संकेतांक वापरण्याची सोय असल्यास तीच घ्यावी.

जागेची निवड : उंची साधारण २ ते २·४ मी. ठेवतात, कोपऱ्यातील जागा बहुधा सर्वांत चांगली. माणूस समोरून चालत येण्यापेक्षा आडवा जाईल अशी दिशा निवडावी, कारण पट्टे ओलांडले गेले तरच संकेत मिळतो. दाराकडे थेट तोंड करून बसवलेला संवेदक उशिरा जागा होतो, तो यामुळेच. ऊन पडणारी खिडकी, हीटर, वातानुकूलकाचा झोत आणि त्याने हलणारा पडदा समोर नसावा. काचेपलीकडचा माणूस संवेदकाला दिसत नाही. पण काचेतून आलेल्या उन्हाने तापणारी फरशी दिसते. धातूच्या कपाटावर चिकटवल्यास अँटेनाची क्षमता घटते. खोलीचे तापमान त्वचेच्या जवळ गेले की माणूस व भिंत यांतील फरक पुसट होतो, म्हणून कडक उन्हाळ्यात पल्ला घटतो. गोंदपट्टी पक्की करण्यापूर्वी दोन-तीन दिवस तात्पुरते लावून, चालून पाहावे.

नियम लिहिणे : हालचाल कळवल्यानंतर अनेक संवेदक काही काळ नवी हालचाल कळवत नाहीत. हा अंधकाळ काहींत काही सेकंदांचा, तर काहींत एक-दीड मिनिटाचा असतो. खोलीत हात हलवत उभे राहून चाचणी करणाऱ्याला संवेदक मेला असे वाटते. प्रत्यक्षात आधी अंधकाळाइतके थांबायला हवे. दिवा बंद करण्याची मुदत अंधकाळापेक्षा निश्चितपणे जास्त असावी, नाहीतर माणूस खोलीत फिरत असतानाच अंधार होतो. वाचनाची किंवा टेबलावर कामाची जागा असेल, तर ती १० ते १५ मिनिटांपर्यंत वाढवणे योग्य. ‘उजेड कमी असेल तरच दिवा लाव’ अशी अट घालताना ध्यानात ठेवावे की बॅटरी वाचवण्यासाठी कित्येक संवेदक उजेडाचे मोजमाप हालचालीबरोबरच पाठवतात. मधल्या काळातले मूल्य शिळे असते. जिना, शौचालय अशा ठिकाणी केवळ संवेदकावर अवलंबून न राहता हाताने दिवा लावण्याची सोय राखावी.

अन्य प्रकार : स्थिर माणसाचा श्वासही टिपणारे २४ किंवा ६० गिगॅहर्ट्झचे रडार संवेदक अलीकडे घरगुती वापरात आले आहेत. त्यांचा रेडिओ सतत चालू असल्यामुळे ते बहुधा थेट विजेवर चालतात. अवरक्त घटकाने जागे केल्यावरच रडार चालवणारे बॅटरीवरचे संमिश्र प्रकारही बनू लागले आहेत.