क्यूएआयएमएनएस वेगळी, क्यूएरँक वेगळी, आणि मार्च दोघींपैकी एकीचाच

दरवर्षी १ ऑक्टोबर आला की, म्हणजे आपल्या मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसचा स्थापना दिन, आमच्या घरच्या ग्रुपवर तोच एक फोटो फिरायला लागतो. राखाडी ड्रेस घातलेल्या ब्रिटिश नर्सेस, डोक्यावर पांढरं कापड, खांद्यावर लालभडक छोटी केप, आणि खाली लिहिलेलं असतं की १९०२ साली राणी अलेक्झांड्रानं ही नर्सिंग कोअर काढली आणि तिला 'ग्रे अँड स्कार्लेट' हा मार्च दिला. आमची मोठी आत्या मिलिटरी नर्सिंगमधूनच रिटायर झालीये, ती दरवर्षी खाली चूक दाखवते, लोक दरवर्षी तिला हात जोडलेले दोन इमोजी टाकतात आणि पुढच्या वर्षी तोच फोटो परत. यंदा ती म्हणाली, "तूच लिही गं बाई एकदा नीट, मला त्या बारक्या कीबोर्डावर जमत नाही." म्हणून हा प्रपंच.

मार्च म्हणजे काय हे सांगत बसत नाही, शाळा-कॉलेजात एनसीसी केलेल्यांना माहितीये. 'तेज चल' म्हटलं की मिनिटाला साधारण १२० पावलं, बँडमधला मोठा ढोल डाव्या पायावर पडतो, आणि ढोल चुकला की अख्खी प्लाटून लंगडायला लागते. 'धीरे चल' म्हणजे स्लो मार्च, त्याची धून वेगळी. रेजिमेंटल मार्च म्हणजे त्या तुकडीची स्वतःची अशी ठरलेली धून, ती वाजली की कोण येतंय ते न बघता कळतं. रेजिमेंटल म्हटलं तरी तो कोअरचाही असतो, त्यात अडकायचं कारण नाही. शब्द असलेच पाहिजेत असंही नाही. झालं.

आणि हो, 'कोअर'. कॉर्प्स नाही! इंग्रजीत कॉर्प्स म्हणजे मढं. जिवंत माणसांची सेवा करणाऱ्या बायकांना आपण दर पोस्टमध्ये मढं म्हणतोय याचं कुणालाच काही वाटत नाही, आत्याला वाटतं.

आता मुद्द्यावर येते. दोन नावं आहेत आणि दोन्हीत क्वीन अलेक्झांड्रा आहे, म्हणून सगळी गडबड. पहिलं क्वीन अलेक्झांड्राज इम्पीरियल मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, थोडक्यात क्यूएआयएमएनएस, स्थापना २७ मार्च १९०२. दुसरं क्वीन अलेक्झांड्राज रॉयल आर्मी नर्सिंग कोअर, ज्याला बोलताना क्यूएरँक म्हणायचे, स्थापना १ फेब्रुवारी १९४९. ग्रे अँड स्कार्लेट हा दुसरीचा मार्च, क्यूएरँकचा. मधली ४७ वर्षं लोक सरळ गिळून टाकतात. एका काकांनी तर त्या २७ मार्च तारखेलाच "मार्चचा वाढदिवस" करून टाकलं होतं, म्हणजे महिना आणि धून एकाच भांड्यात. नावातलं बाकी काही विसरलात तरी चालेल, शेवटचा शब्द तेवढा बघा. एकीत सर्व्हिस आहे, दुसरीत कोअर आहे, आणि हा फरक नुसता पाटी बदलल्यासारखा नाहीये.

सर्व्हिस म्हणजे काय होतं ते आधी बघू. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात लष्करी हॉस्पिटलांची जी दैना झाली त्यानंतर १९०२ मध्ये जुनी आर्मी नर्सिंग सर्व्हिस मोडून ही नवी उभी केली, सिडनी ब्राऊन पहिल्या मेट्रन-इन-चीफ, म्हणजे सगळ्या नर्सेसच्या प्रमुख, झाल्या (सिडनी म्हटल्यावर पुरुष समजू नका, बाईच). पण यातल्या नर्सेस काही सैनिक म्हणून भरती झालेल्या नव्हत्या. त्या आधीच बाहेरच्या हॉस्पिटलात पूर्ण ट्रेनिंग घेऊन आलेल्या असायच्या, हुद्दे काय तर स्टाफ नर्स, सिस्टर, मेट्रन. कॅप्टन नाही, मेजर नाही. खांद्यावर स्टार नाहीत, त्या जागी केप. मान मोठा होता, शिस्त कडक होती, पण परेड ग्राउंडवर तीन रांगा करून बँडमागे चालणं हे त्यांचं कामच नव्हतं, काम वॉर्डात. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा कायम नोकरीतल्या नर्सेस तीनशेसुद्धा नव्हत्या, आणि युद्ध संपता संपता रिझर्व्ह (म्हणजे गरजेपुरत्या बोलावलेल्या) धरून दहा हजारांच्या वर गेल्या, तरी व्यवस्था तीच, सर्व्हिस. लष्करी कमिशन आणि बाकी आर्मीसारखे हुद्दे मिळाले ते १९४१ मध्ये, तेही युद्धाची निकड म्हणून. मग त्याच बायका लेफ्टनंट, कॅप्टन झाल्या, आणि आघाडीवर राखाडी-लाल सोडून खाकी बॅटलड्रेसमध्ये वावरायला लागल्या कारण चिखलात लाल केप घालून कोण फिरणार.

कोअर झाली १९४९ ला. क्यूएआयएमएनएस, तिची रिझर्व्ह आणि टेरिटोरियल आर्मीच्या नर्सेस अशा सगळ्यांची मिळून एक कोअर, आर्मीतल्या बाकीच्या कोअरसारखीच. आणि १९५० पासून ती स्वतःच मुली घेऊन नर्सिंग शिकवायला लागली. हे फार महत्त्वाचं आहे आणि कुणीच लिहीत नाही. म्हणजे आता नुसत्या ऑफिसर सिस्टर नाहीत, खाली शिपाई दर्जाच्या अठरा-एकोणीस वर्षांच्या मुली आल्या, त्यांना वॉर्डबरोबर ड्रिल आलं, पासिंग आउट आलं, आईवडील खुर्च्यांवर बसून बघायला आले. आता पाय एका तालात पडायला हवेत, आणि पाय आले की धून आली. मार्च ही शोभेची वस्तू नाही, चालणाऱ्या माणसांची गरज आहे. म्हणून तो सर्व्हिसला चिकटवला की मला वैताग येतो. चालायचीच वेळ न येणाऱ्यांना चालण्याची धून कशाला कोण देईल?

मग लोक फसतात कुठे? नावात. ग्रे अँड स्कार्लेट म्हणजे राखाडी आणि लाल, म्हणजे सरळ सरळ युनिफॉर्म. आणि तो युनिफॉर्म खरंच सर्व्हिसच्या काळचा आहे, कोअरला वारशात मिळालेला. जुन्या फोटोत राखाडी-लाल दिसतं, मार्चचं नाव राखाडी-लाल, झालं, १९०२ चा शिक्का मारून मोकळे. नथ पेशवाई आहे म्हणून ती घातलेली नवरी पेशवाईत जन्मली असं कुणी म्हणत नाही ना, तसंच आहे हे. रंग जुने, नाव त्या रंगांवरून घेतलेलं, आणि ज्या कोअरचा मार्च ती १९४९ ची.

त्या फोटोतल्या केपकडे पण जरा झूम करून बघा. पूर्ण लाल केप असेल तर ती रेग्युलर, म्हणजे कायम नोकरीतली. केप राखाडी आणि फक्त काठ लाल असेल तर ती रिझर्व्हची. ग्रुपवर फिरणाऱ्या फोटोत अर्ध्याहून जास्त काठवाल्या आहेत, म्हणजे युद्धापुरत्या आलेल्या, आणि त्यांच्याखाली लिहिलेलं असतं 'राणीच्या खास नर्सेस'. अजून एक मोह म्हणजे हे रंग थेट फ्लॉरेन्स नाइटिंगेलपर्यंत नेऊन भिडवायचा. क्रिमियन युद्धात तुर्कस्तानातल्या स्कुटारीच्या लष्करी हॉस्पिटलात तिच्या ज्या नर्सेस होत्या त्यांना १८५४ मध्ये राखाडी ड्रेस होते आणि पट्ट्यावर लाल धाग्यानं स्कुटारी हॉस्पिटल असं भरलेलं होतं, हे खरं, पण म्हणून मार्च क्रिमियन युद्धातला होत नाही हो. आणि या नर्सेसच्या बॅजवरचा पांढरा क्रॉस ना नाइटिंगेलचा ना रेड क्रॉसचा, तो डेन्मार्कच्या झेंड्यावरचा, कारण अलेक्झांड्रा मूळची डेन्मार्कची राजकन्या.

उलटंही असतं. रॉयल आर्मी मेडिकल कोअर, म्हणजे डॉक्टरांची, तिचा क्विक मार्च (म्हणजे 'तेज चल'ची धून) 'हिअर्स अ हेल्थ अंटू हिज मॅजेस्टी' होता. हे मूळ गाणं सतराव्या शतकातलं, जेरेमाया सॅव्हिलचं, राजाच्या नावानं प्याला उंचावायचं. दारूच्या गाण्यावर डॉक्टर चालायचे, मला हे फार आवडतं. पण ती कोअर १८९८ ची, म्हणजे इथे धून कोअरपेक्षा दोनशेच्यावर वर्षांनी म्हातारी. नर्सेसच्या बाबतीत रंग जुने, डॉक्टरांच्या बाबतीत सूर जुना. 'उगम' विचारलात की आधी ठरवा कशाचा विचारताय, सुराचा, नावाचा की तो ज्यांचा झाला त्यांचा.

एक उपगोंधळ. १ फेब्रुवारी १९४९ लाच बायकांची दुसरी एक कोअर झाली, विमेन्स रॉयल आर्मी कोअर. तारीख एक म्हणून लोक तिचा मार्च 'लास ऑफ रिचमंड हिल' नर्सेसना देऊन टाकतात. तो नर्सेसचा नाही. (आणि ते रिचमंड लंडनजवळचं नाही, यॉर्कशरचं. पण तो वाद इंग्रजांनीच घालावा.) नेव्हीच्या नर्सेसची क्यूएआरएनएनएस ही पण वेगळी, तिच्यातही क्वीन अलेक्झांड्रा, आणि एअर फोर्सची प्रिन्सेस मेरीच्या नावानं. एवढं पुरे.

आपल्याकडचं आता. आपली १ ऑक्टोबरची तारीख आहे १९२६ ची, तेव्हा इंडियन मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस कायमची झाली. पण सुरुवात मुंबईच्या बंदरात, १८८८ ला इंग्लंडहून दहा ट्रेन्ड नर्सेस उतरल्या तिथपासून. त्यांच्या प्रमुख कॅथरीन ग्रेस लॉक पुढे रावळपिंडीला गेल्या. भारतातल्या या ब्रिटिश नर्सेसची सर्व्हिस पुढे राणी अलेक्झांड्राच्या नावाची झाली, तरी बरीच वर्षं वेगळीच राहिली, आणि १९२६ ला क्यूएआयएमएनएसमध्ये मिसळली. त्याच वर्षी आपली सुरू झाली. म्हणजे नातं असेल तर ते सर्व्हिसशी आहे, १९४९ च्या कोअरशी नाही, तोवर आपण स्वतंत्र होऊन दीड वर्ष झालं होतं. त्यामुळे आपल्या नर्सेसच्या फोटोखाली ग्रे अँड स्कार्लेट लावून व्हिडिओ करणाऱ्यांनी कृपा करून थांबावं.

आणि आपली आजही सर्व्हिसच आहे. पुण्यात एएफएमसीच्या, म्हणजे आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या, १९६४ ला सुरू झालेल्या नर्सिंग कॉलेजमधून मुली शिकून बाहेर पडतायत, लेफ्टनंट होतायत, परेडही करतायत, पण नाव मिलिटरी नर्सिंग सर्व्हिस, थोडक्यात एमएनएस. कोअर म्हणजे आर्मी मेडिकल कोअर, ती डॉक्टरांची. मी एकदा आत्याची ओळख करून देताना "मेडिकल कोअरमध्ये होती" म्हटलं तर पाहुण्यांसमोर म्हणाली, "मी एमएनएस. चहा दे त्यांना."

शेवटचं, क्रियापदाबद्दल. १५ नोव्हेंबर २०२४ ला क्यूएरँक, डॉक्टरांची कोअर आणि डेंटिस्टांची कोअर या तिन्ही एकत्र करून रॉयल आर्मी मेडिकल सर्व्हिस केली. हो, परत सर्व्हिस, आणि ही सर्व्हिस असूनही कोअरच आहे, आत्याला अजून सांगितलेलं नाही. तेव्हा यंदा फोटो टाकलात तर ग्रे अँड स्कार्लेट क्यूएरँकचा मार्च 'होता' असं लिहा.